भूतानच्या आधी सापुतारा

देवळ्याहून सकाळी सातला निघालो. गाडीत तीन माणसं आणि दोन कुत्री. जायचं होतं सापुताऱ्याला, फार तर अडीच तासांवर. सामान मात्र भूतानचं होतं. कुत्र्यांच्या लसीचे दाखले, गळ्यातले पट्टे, औषधांची पेटी, पाण्याचे डबे, एक जुनी सतरंजी. ही तालीम होती. खरा प्रवास कार्तिकात होता: नाशिकहून गोरखपूर, तिथून नेपाळ, पुढे सिलिगुडीवरून भूतान. नाशिकमधली चार कुटुंबं, चार गाड्या, प्रत्येकाची कुत्री सोबत. हा बेत एका व्हॉट्सॲप ग्रुपवर शिजला होता. तिथे सगळं ठरवणाऱ्या गृहस्थांना आम्ही ॲडमिनसाहेबच म्हणतो.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. नाशिक रोडला नोकरी, स्वतःचा फ्लॅट, आणि घरातला पहिला पासपोर्टही माझाच. सात वर्षं झाली, आत एकही शिक्का नाही. आपल्या माणसाला नेपाळ-भूतानला मतदार कार्डही चालतं, हे ग्रुपवर वाचलं तेव्हा मला जरा वाईटच वाटलं होतं.

आता कुत्र्यांचं सांगतो. ब्रूनो आमचा, लॅब्राडोर, फ्लॅटमध्ये वाढलेला. गाडीत एकटा बसला की अखंड ओरडतो. एकदा मालेगावच्या लग्नाला जाताना आबांचा काळ्या गाडीत चढला, तर ब्रूनो जाता-येता त्याच्या पाठीवर मान टाकून झोपला. आबा म्हणजे माझे वडील. काळ्या त्यांचा देवळ्याच्या मळ्यातला गावठी कुत्रा, कांद्याच्या चाळीची (उन्हाळ कांदा साठवायची हवेशीर शेड) राखण करणारा. माझी बायको वैशाली म्हणाली, "दोघं येणार असतील तर जाऊ, नाहीतर बेत राहू द्या."

मी देवळ्याला जाऊन काळ्याचे कागद मागितले. काळ्याला लस गावच्या जनावरांच्या दवाखान्यात टोचलेली. तिथल्या वहीत गायी-बैलांसारखंच, मालकाच्या नावाने. कागदावर नाव आबांचं. ग्रुपवरच्या कागदपत्रांच्या यादीत ठळक अक्षरात होतं: कुत्र्याचा हद्द ओलांडायचा परवाना लसीच्या कागदावरच्या नावानेच मिळतो, आणि परवान्यावर ज्याचं नाव, तो माणूस कुत्र्यासोबत हवा.

आबांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "सातबारा माझ्या नावावर, कुत्रंबी माझ्याच नावावर. मंग मीच येतो की. मतदार कार्ड चालतं म्हनलास ना?"

मी हो म्हणालो. मनात मात्र दुसरंच चाललं होतं. बाकीच्या तीन गाड्यांत इंजिनिअर, डॉक्टर, त्यांच्या बायका. जेवताना ताटात पाणी ओतून हात धुणारे आबा मला त्यांच्यात दिसेनात. सरळ सांगवेना. म्हणून ही दोन दिवसांची तालीम काढली. घाटाचा रस्ता, कुत्र्यांची ओकारी, बसून अवघडलेले गुडघे. आबाच म्हणतील, नको रे बाबा, काळ्याला तुझ्या नावावर करून घे आणि जा. असा माझा हिशेब होता.

कळवण मागे पडलं आणि डोंगर जवळ आले. भाद्रपदातला पाऊस मध्येमध्ये थांबत होता. मागच्या सीटवर आबा मध्ये, दोन्ही बाजूंना कुत्री. काळ्या खिडकीतून नाक बाहेर काढून बसला. वणीच्या पुढे वळणं सुरू झाली तशी ब्रूनोने पहिली ओकारी काढली, सतरंजी सोडून नेमकी आबांच्या धोतरावर.

"अहो, थांबवा, थांबवा!" वैशाली ओरडली.

"कशाला थांबतो?" आबा म्हणाले. "वासराचं पडतं, याचंबी पडलं. चाल तू."

त्यांनी पाण्याच्या डब्यातलं पाणी घेऊन धोतराचा सोगा धुतला आणि खिडकीत धरून वाळवला. पंधरा मिनिटं आमच्या गाडीला पांढरं निशाण लागलं होतं. मागून येणारे लोक आम्हाला वाट देत होते.

राज्याची हद्द आली. पाटी पाहून आबांनी विचारलं, "संपला का महाराष्ट्र?"

"संपला."

आबांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. "फरक तर काय दिसत नाय."

काळ्याला उतरवलं. त्याने हद्दीजवळच्या दगडावर पाय वर केला. दगड कोणत्या राज्याचा होता ते मी पाहिलं नाही.

सापुताऱ्यात तळ्यावर धुकं होतं. त्यात होड्या दिसत नव्हत्या, होडीतल्या माणसांचा आरडाओरडा तेवढा ऐकू येत होता. कुत्री चालतात असा लॉज आधीच फोनवर शोधून ठेवला होता. काउंटरवरच्या माणसाने वही उघडली. ब्रूनोचं लिहून झालं. मग काळ्याकडे बघून त्याने हिंदीत विचारलं, "काका, ये कौन सा ब्रीड है?"

"घरचं हाय," आबा म्हणाले.

"मतलब?"

"मतलब काय? घरचं. हमारे घर का."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्याने वहीत 'घर का' असं लिहिलं आणि किल्ली दिली.

दुपारी डांगी थाळी खाल्ली. नागलीचा (नाचणीचा) रोटला, उडदाची डाळ, बांबूच्या कोंबाचं लोणचं. रोटला जाड आणि भाजून खरपूस, डाळ झणझणीत. लोणच्याचा वास आधी नकोसा वाटतो, चौथ्या घासाला आवडायला लागतो. आम्ही जेवायच्या आधी वैशालीने व्हरांड्यात दोन वाडग्यांत कुत्र्यांचं विकतचं खाणं काढून ठेवलं होतं. ब्रूनोने आपला वाडगा चाटून पुसला. काळ्याने तोंड फिरवलं.

"आजारी आहे का हो?" वैशाली घाबरली.

"आजारी कशाला? मी जेवलो नव्हतो ना," आबा म्हणाले. ताटातला शेवटचा चतकोर त्यांनी बाजूला ठेवलेलाच होता. तो डाळीत बुडवून व्हरांड्यात नेला. काळ्याने उभ्या उभ्या संपवला. "मळ्यात आमचं असंच हाय. मी खाल्लं की त्याचं. आधी ठेवलं तर त्याला वाटतं दुसऱ्या कुणाचं हाय."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. दहा दिवसांत सवय लागेल, असं मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीला लागायचं होतं. वैशाली लॉजच्या काउंटरवर किल्ली द्यायला गेली. आबा गाडीमागे काळ्याला पाणी पाजत होते, निदान मला वाटलं बरेच मागे आहेत. ब्रूनोसाठी काचा खाली केलेल्या. इंजिन चालू केलं आणि ॲडमिनसाहेबांचा फोन आला. फोन गाडीला जोडलेला, त्यामुळे त्यांचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून, गावजेवणाच्या पंगतीत ऐकू यावा इतका मोठा.

"काय, वडिलांचं जमलं का? मनवा हो त्यांना. सगळी कपल्स आहेत, रूमही तशाच सांगितल्यात. त्यांनाही आपल्यात अवघडल्यासारखं होईल."

मी म्हणालो, "तेच चाललंय, साहेब. या फेरीत दमतील, मग स्वतःच नाही म्हणतील. कुत्रा नावावर करून घेतो."

फोन ठेवला आणि आरशात पाहिलं. आबा मागच्या काचेला लागूनच उभे होते. हातात रिकामा डबा. त्यांनी काळ्याला आत चढवलं, स्वतः बसले, दार लावलं. वैशाली आली. तिने आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, "काय झालं?"

"काय नाय," आबा म्हणाले. "चला."

परतताना आम्ही सुरगाण्याचा रस्ता धरला. तो बाऱ्ह्यावरून पेठ, आणि पुढे हरसूलला जातो. लांबचा आहे, पण भूतानसारखी वळणं हवीत म्हणून मीच तालमीत घातला होता. दोन्ही बाजूंना उतारावर भात आणि नागली, मध्ये सागाची झाडं, एखादं कौलारू घर. बघण्यासारखा मुलूख आहे. त्या दिवशी मी रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या रेषेशिवाय फार काही पाहिलं नाही. आबा एरवी प्रत्येक शेताला नावं ठेवतात. आता एकदाच विचारलं, "हे पिवळं शेत खुरासणीचं का?" मी माहीत नाही म्हणालो.

बाऱ्ह्याच्या अलीकडे चहाला थांबलो. दार उघडलं आणि समोरून शेळ्या आल्या. काळ्या सुटला. त्याच्यामागे ब्रूनो, पट्ट्यासकट. दोघं भाताच्या बांधावरून पळत खाली ओढ्याकडे गेले. मी हाका मारत मागे. चिखलात एक बूट अडकला, तो तिथेच राहिला. खाचरात उभा असलेला एक शेतकरी इरलं पाठीवर घेऊन माझी गंमत बघत होता.

"पळू नको दादा," तो म्हणाला. "कुत्रा दमत नाय, माणूस दमतो. कुठला तू?"

"नाशिकचा."

"मग बरोबर हाय," तो म्हणाला आणि वाकून कामाला लागला.

मी अर्ध्या तासाने एका बुटावर वर आलो. आबा टपरीच्या बाहेर फरशीवर बसून जेवत होते. देवळ्याहून फडक्यात बांधून आणलेली भाकरी, शिळी झालेली, वर मिरचीचा ठेचा. सावकाश, एकेक घास. त्यांच्यासमोर काळ्या बसलेला, चिखलाने लडबडलेला. त्याला टेकून ब्रूनो. आबांनी शेवटचा चतकोर मोडला, दोघांना अर्धा अर्धा दिला.

"तुम्ही गेल्यावर लगेच जेवायला बसले," वैशाली हळूच म्हणाली. "मी म्हटलं, आबा, कुत्री पळालीत आणि तुम्ही जेवताय? तर म्हणाले, त्याच्यासाठीच जेवतोय, भूक कुठं हाय."

मग ती आणखी हळू म्हणाली, "तुम्ही सकाळी फोनवर काय बोललात ते मी ऐकलं, तुम्ही सांगता का बघायला विचारलं होतं. काउंटरपर्यंत ऐकू आलं, त्या लॉजवाल्यालाही. त्याला मराठी कळतं."

मी बूट आणायला परत खाली गेलो. सापडला.

हरसूलला आठवडे बाजार भरला होता. गाडी कडेला लावून वैशाली कुत्र्यांपाशी बसली. आबा आणि मी आत गेलो. सुकट, बोंबील, रानभाज्या, बांबूच्या टोपल्या. कांद्याचा ढीग दिसला तसे आबा थांबले. ते कुठेही थांबतातच.

"काय भाव, मावशी?"

बाईने भाव सांगितला.

"कुठला कांदा?"

"देवळ्याचा."

"मंग आमच्याच चाळीतला असंल."

"घरी एवढा कांदा हाय तर इथं भाव कशाला इचारतोस, बाबा?" बाई म्हणाली. "घरात कुणी बोलत नाय का तुझ्याशी?"

शेजारच्या बाया हसल्या. आबाही हसले. त्यांनी पाव किलो कांदा घेतला. देवळ्याच्या माणसाने कांदा विकत घेतलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

हरसूलच्या पुढे वाघेऱ्याच्या घाटात ब्रूनोसाठी पुन्हा थांबावं लागलं. वैशाली त्याला घेऊन खाली उतरली. पाऊस नव्हता. आबा आणि मी कठड्यापाशी उभे राहिलो. आबांनी सरळ विषय काढला.

"परवा दवाखान्यात ये. डॉक्टर वळखीचे हायेत. काळ्याला तुझ्या नावावर करून टाकू. भाकरीचं सूनबाईला समजावून देतो. तुमच्यातल्या कुणीतरी आधी खायाचं, एवढंच."

मला हवं होतं ते मिळालं होतं. हो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

"नको," मी म्हणालो. "तुम्हीच चला."

"त्या साहेबाचं काय?"

"त्यांच्या ग्रुपमध्ये बसलं तर बसलं. नाहीतर आपली एक गाडी. रस्ता काही त्यांच्या बापाचा नाही."

आबांनी धोतराचा सोगा झटकला. मग म्हणाले, "मी आलो तर तुला लाज वाटंल."

खोटं बोलता आलं असतं. पण सकाळचं सगळं त्यांनी ऐकलेलं होतं.

"वाटेल थोडी," मी म्हणालो. "एक-दोन दिवस."

"एक-दोन दिवस चालतंय," आबा म्हणाले. "तुझ्या कॉलेजात पदवीच्या दिवशी आलो व्हतो, तव्हाबी तेवढीच वाटली व्हती. गेटाजवळच उभं केलंस मला. मंग संध्याकाळी आपण भेळ खाल्ली की."

मला वाटत होतं, ते त्यांना तेव्हा कळलं नव्हतं. इतकी वर्षं मी तसंच धरून चाललो होतो. वैशाली ब्रूनोला घेऊन वर आली, आम्ही गाडीत बसलो. नाशिक रोडला पोचेपर्यंत आबा झोपले होते. गुडघे दुखल्याची तक्रार त्यांनी अजूनही केलेली नाही. माझी कंबर मात्र चार दिवस धरली होती.

आमचं तिसरं माणूस ॲडमिनसाहेबांना परवडलं नाही. त्यांनी ते सभ्य भाषेत कळवलं. वैशालीने मला न विचारता ग्रुप सोडला. बेत आता आमच्या एकट्या गाडीचा आहे. आधी नेपाळ, मग भूतान, आणि तारीख आबांनी ठरवायची, कारण चाळ रिकामी झाल्याशिवाय ते निघत नाहीत. लोक विचारतात, वडिलांना या वयात एवढा प्रवास झेपेल का? त्यांची तालीम झाली आहे, असं मी सांगतो. माझी व्हायची आहे.

परवान्याचा अर्ज भरताना काळ्याच्या मालकाच्या रकान्यात मी आबांचं पूर्ण नाव लिहिलं. त्यांनी खाली सही केली, जोर लावून, कागद फाटेल इतकी. मग अर्ज परत माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "ब्रूनोचाबी दे. त्यावर तुझी सही हाय, पण खायला तर तो माझ्याकडंच येतो."