आडाच्या गल्लीतलं घर

माझ्या चुलत्यांनी माझ्या घरात बारा वर्षांत पाण्याचा घोट घेतलेला नाही. येतात, ओट्यावर बसतात, सुपारी कातरतात, मला चार शब्द ऐकवतात आणि तहान लागली की उठून, दोन गल्ल्या ओलांडून, आपल्या लोकांकडे पाणी प्यायला जातात. हे घर मी घेतलं ते पाण्यासाठी, दुसऱ्या कशासाठीही नाही. म्हणून ते असे उठून चालू लागले की आजही माझ्या कानशिलाची शीर उडते.

आम्ही मूळचे हट्टा गावचे. आमच्या वाटणीचं पाणी दगडी बारवेचं. रुंद पायऱ्या, पाणी वर असलं की चार पायऱ्यांत हाती लागायचं, उन्हाळ्यात खाली उतरावं लागे. दोरी नको, पोहरा नको. बायका घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून घागर बुडवत. रानातून आलेली माणसं तिथंच पाय धूत. बारवेचा सगळ्यांना मोठा अभिमान होता. आणि दर ज्येष्ठात, ऐन पेरणीच्या तोंडावर, घराघरांत कुणाला ना कुणाला नारू निघे.

ज्यांनी नारू पाहिलेला नाही त्यांना सांगतो. पायावर फोड येतो, निखारा ठेवल्यासारखी आग होते, मग फोड फुटतो आणि आतून सुतासारखा पांढरा जंत डोकं काढतो. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढायचा. हात-दीड हात लांब निघतो. घाई केली की तुटतो, आणि तुटला की पाय सुजतो, पिकतो, कायमचा अधू होतो.

माझ्या बायकोला लग्नानंतर दोनदा नारू निघाला. दुसऱ्यांदा उजव्या गुडघ्याशी. माझे वडील मी लहान असतानाच वारलेले, त्यामुळे चुलते घराचे कर्ते. पेरणी खोळंबली होती. "बाईमानूस महिनाभर निजून ऱ्हायलं तर तिफनीमागं कोन चालंल?" असं म्हणून त्यांनी काडी स्वतःच्या हातात घेतली आणि हिसका मारला. जंत तुटला. ती पावसाळाभर अंथरुणात होती. उठली तेव्हा गुडघा लाकडासारखा ताठ झालेला होता. आजही तो दुमडत नाही. चुलीपुढं ती एक पाय लांब करून बसते. चुलते त्यावर एवढंच म्हणाले, "तिच्या नशिबात व्हतं." नशिबात होतं, तर मग काडी कुणाच्या हातात होती?

पुढं मला हिंगोलीत हळदीच्या आडतीवर हिशेबाचं काम मिळालं. बाजाराजवळ एक खोली भाड्यानं घेतली आणि बायको व चार वर्षांची मुलगी यांना तिथं आणलं. एकदा आडतीवरच्या हमालाला नारू निघाला म्हणून त्याला घेऊन मी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मोडक्यातोडक्या मराठीत, उर्दू मिसळून, पण नीट सांगितलं. ज्याला नारू झालाय तो पाण्यात पाय घालतो, नारू आपलं बी त्या पाण्यात सोडतो, आणि ते पाणी जो पितो त्याच्या अंगात पुढच्या वर्षी नारू तयार होतो. ज्या पाण्यात कुणाला पायच घालता येत नाही, तिथं नारू नाही.

घरी येताना मला रडू आलं नाही, संताप आला. एवढी साधी गोष्ट! पिढ्यान् पिढ्या आम्ही पायऱ्या उतरून आमचाच रोग घागरीत भरून घरी आणत होतो आणि देवाला बोल लावत होतो. मी तेव्हाच ठरवलं की माझी मुलगी पायऱ्यांचं पाणी पिणार नाही. तिचे दोन्ही गुडघे शेवटपर्यंत दुमडले पाहिजेत. घर घ्यायचं ते या एका गोष्टीवर.

शहरात दोन घरं विकाऊ होती. एक आमच्या लोकांच्या गल्लीत. चार खणांचं, मोठा ओटा, शेजारी देऊळ, समोर चुलत्यांच्या मेव्हण्यांचं घर, आणि गल्लीच्या टोकाला पायऱ्यांची बारव. किंमत साडेचारशे हाली, म्हणजे निजामी, रुपये. दुसरं रंगाऱ्यांच्या गल्लीत. तीन खणांचं, दार इतकं ठेंगणं की वाकून आत जावं लागे, समोरून रंगाच्या पाण्याची निळी नाली वाहायची आणि तिचा वास थेट माजघरात यायचा. रंगारी, पिंजारी, दोन शिंपी, एक म्हातारा पेन्शनर शिपाई, हिंदू मुसलमान निम्मेनिम्मे. पण गल्लीच्या मधोमध आड होता. कमरेएवढा दगडी कठडा, वर तुळई, तुळईला रहाट. ज्याची त्याची दोरी, ज्याचा त्याचा पोहरा. पाय घालायला आत वाटच नाही. किंमत पावणेपाचशे.

म्हणजे खण कमी आणि पैसे जास्त. दलाल मला पहिल्या घराचा वारा, देवळाची घंटा, ओट्याची रुंदी समजावत होता. पाण्याचं विचारलं तर म्हणाला, "पान्याची काय कमी, बारव हाये की!" आडतीवर पोत्याच्या तोंडची हळद बघून भाव ठरवणारा माणूस बुडतो, तळाशी हात घालून मूठ काढावी लागते. डॉक्टरांच्या शब्दावरही मी विसंबलो नाही. ज्येष्ठात दोन्ही गल्ल्यांतून घरोघर फिरलो आणि पायाला चिंधी किती जणांच्या आहे ते पाहिलं. आमच्या लोकांच्या गल्लीत बावीस घरं, त्यांतल्या तेरा घरांत नारू. रंगाऱ्यांच्या गल्लीत एकोणीस घरं, नारू एकाला. तो शिंपी होता आणि सालभर सासुरवाडीला राहून आलेला होता. तिथं बारव होती.

मी त्या घराला विसार दिला. ही बातमी हट्ट्याला कशी पोचली कोण जाणे, तिसऱ्या दिवशी चुलते बैलगाडी जुंपून माझ्या खोलीवर हजर. सोबत मेव्हणे. मेव्हण्यांच्या पोटरीला चिंधी बांधलेली होती आणि चिंधीतून काडीचं टोक बाहेर दिसत होतं.

"देवळाशेजारचं घर सोडून तू रंगाऱ्याच्या नालीत चालला म्हनं?" चुलते म्हणाले.

"व्हय."

"काहून?"

"पाण्यासाठी."

चुलत्यांनी मेव्हण्यांकडे पाहिलं. "ऐका! आडाला तिथं दूध लागलंय वाटतं."

मी त्यांना तेरा घरं आणि एक घर सांगितलं. चुलते हसले. "नारू काय गल्ली बघून निघतो काय रे?"

"व्हय, काका. गल्ली बघूनच निघतो."

"आमच्या घरात तीन पिढ्या नारू हाये," मेव्हणे म्हणाले. "कोनी मेलं न्हाई." आणि बोलता बोलता त्यांनी तो पाय दोन्ही हातांनी उचलून जरा बाजूला ठेवला.

मला भांडायचं नव्हतं. मी म्हणालो, "मग असं करा. बारवेच्या पायऱ्यांवर भिंत घालून वाट बंद करा. वर तुळई टाका, रहाट बसवा. खर्चाचा चौथा हिस्सा माझा. विसार बुडाला तर बुडू द्या, मी तुमच्या गल्लीत घर घेतो."

मेव्हणे उसळले. "पायऱ्या बुजवायच्या? आमच्या आज्ज्यानं बांधल्यात त्या! अन् बायांनी काय दोऱ्या वढून कंबरा मोडून घ्यायच्या?"

"बायांची लई काळजी तुमाला," मी म्हणालो.

चुलत्यांनी हातानं मला गप्प केलं. "हे बघ, पानी कुठं बी भेटतं. मान्सं भेटत न्हाईत. उद्या पोरीला पाहायला पाव्हणे येतील. पयला सवाल काय करतील? घर कोन्या गल्लीत? तवा काय सांगशील? रंगाऱ्याच्या? कोन करील रे सोयरीक?"

माझी बायको दाराआड उभी होती. चुलत सासऱ्यांपुढं ती जन्मात बोललेली नव्हती. आतूनच म्हणाली, "मामंजी, माझा एवढा गुडघा दुमडून द्या. मंग तुमी म्हनाल त्या गल्लीत ऱ्हाते."

चुलत्यांनी पागोटं उचललं. "आता बायको बोलून राहिली. चला पाव्हणं, उठा." मेव्हणे लंगडत त्यांच्यामागं गेले.

घर घेतलं. पहिल्याच सकाळी बायको कठड्याशी घागर घेऊन उभी राहिली तर एक म्हातारी रंगारीण, कोपरापर्यंत निळे हात, तिच्या पायाकडे बघून म्हणाली, "घडा रख दे मां, मैं खींचती." आमच्या लोकांत माझ्या बायकोच्या गुडघ्याकडे बघून कुणी घागर उचलल्याचं मला आठवत नाही. लंगडी म्हणून हाक मारल्याचं आठवतं.

वास्तूच्या जेवणाला साठ पानांचा स्वयंपाक केला होता. आमच्यातलं कुणीही आलं नाही. वरण आटत गेलं. गल्लीतल्या ज्यांना आमच्याकडचं चालत होतं ते जेवले, ज्यांना चालत नव्हतं त्यांच्याकडे शिधा पोचवला. बायको उरलेलं अन्न एकेक करून झाकून ठेवत राहिली, आणि तेच मला जास्त लागलं.

दुपारी चुलते आले. हातात तांब्या, त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. ओट्यावर बसले. "जेवनार न्हाई. पानी बी घेनार न्हाई. आलो, एवढं समज." मग फडकं सोडून आपल्या तांब्यातलं पाणी वरून प्याले. ते आमच्या लोकांच्या गल्लीतल्या बारवेतून भरून आणलं होतं, मुद्दाम, आमच्या ओट्यावर बसून पिण्यासाठी.

मुलीला त्यांचा लळा होता. धावत आली आणि त्यांच्या मांडीवर चढली. "आबा, पानी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसले. तांब्या तिच्या तोंडाशी नेत म्हणाले, "पी, माय. तुझ्या बापाला जे पानी चालत न्हाई, ते तू पी."

मी हात मारून तांब्या उडवला. पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं, तांब्या गडगडत निळ्या नालीत जाऊन पडला. मुलगी किंचाळली. आडावरची माणसं बघत राहिली. चुलते उभे राहिले. "भरल्या घरात चुलत्याच्या हातातलं पानी उडवलंस," एवढंच म्हणाले आणि तांब्या तिथंच सोडून गेले.

हे वाक्य ते घरी पोचण्याच्या आधी हट्ट्याला पोचलं. त्यातलं पाणी कुठलं होतं, ते कुणाच्या तोंडाशी होतं, हे कुणीच सांगितलं नाही. मी चुलत्याचं पाणी उडवणारा पुतण्या झालो तो झालोच. आजही दहा माणसांत बसलो की कुणीतरी ते काढतं. काढू दे. पुन्हा तसं झालं तर पुन्हा उडवीन.

मुलगी वाढली. एका ज्येष्ठात तिला नारू निघाला नाही, दुसऱ्यात नाही, कधीच नाही. आमच्या लोकांच्या गल्लीत दर साली चिंध्या दिसत होत्या. मेव्हण्यांच्या नातवाचा पाय वाकडा झाला. मी पुन्हा जाऊन पायऱ्या बंद करण्याचं बोललो. तुमचं तुमच्या रंगाऱ्यांना सांगा, असं उत्तर मिळालं.

जर्मन-जपानची लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मुलगी चौदा वर्षांची होती. दोन सोयरिकी गल्लीचं नाव ऐकूनच फिरल्या होत्या. चुलते म्हणाले होते तसंच झालं, हे मला मान्य करावं लागलं. तिसरी सोयरीक त्यांनीच आणली. कयाधू नदीकाठचं गाव, वीस एकर रान, मुलगा चार बुकं शिकलेला. चुलते स्वतः पाहुण्यांबरोबर आले आणि ओट्यावर मानानं बसले. चुकलेल्या पुतण्याला पदरात घेण्याचं पुण्य त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

आमच्याकडे मुलगी पाहायला आले की तिला चालवून बघतात. उठ म्हणतात, बस म्हणतात, सुपारी खाली टाकून उचलायला लावतात. कारण नारूच, पण तसं तोंडानं कुणी बोलत नाही. मुलगी चालली, बसली, उठली.

"गुडघा बराबर हाये," मुलाचे वडील समाधानानं म्हणाले. "चालनं चांगलं हाये पोरीचं." मग माझ्याकडे वळले. "गल्लीचं आमी मनावर घेत न्हाई. फकस्त लगीन हट्ट्याला करा. पत्रिकेत ह्या गल्लीचं नाव नको."

चुलत्यांनी मान डोलावली. माझं डोकं तापलं. यांना सरळ गुडघा हवा होता. तो ज्या गल्लीनं सरळ ठेवला तिचं नाव नको होतं.

"तुमच्याकडं प्यायला पानी कुठलं?" मी विचारलं.

"बारव हाये की! लई जुनी," ते खुलले. "अशा रुंद पायऱ्या. दोरीची तकलीफ न्हाई. बाया उतरत्यात अन् भरत्यात."

"मंग आपलं जमनार न्हाई."

"आं?"

"सोयरीक जमनार न्हाई म्हनलो."

मुलाचे वडील उठून उभे राहिले. "पोरीकडची मान्सं असा सवाल करत न्हाईत!"

"करायला पायजेत."

पाहुणे चपला शोधू लागले. चुलते माझ्यावर तुटून पडले. वीस एकर, घरंदाज माणसं, म्हातारपणी त्यांनी घातलेला शब्द, घरात कुजव पोरीला, लोणचं घाल तिचं, जे तोंडाला येईल ते. पाहुणे गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले तरी ते बोलतच होते. वैशाखाचं ऊन, म्हातारं माणूस, ओरडून घसा कोरडा पडला, आवाज फाटला आणि ठसका लागला.

मुलगी आतून तांब्या घेऊन आली. आडाचं पाणी, नुकतंच ओढलेलं. तांब्या बाहेरून ओलसर झाला होता. "आबा," ती म्हणाली आणि त्यांच्यापुढं धरून उभी राहिली.

चुलत्यांनी तांब्याकडे पाहिलं. ठसका थांबत नव्हता. मला वाटलं, आता तरी घेतील. त्यांनी तोंड फिरवलं आणि पायांनी चपला चाचपायला लागले.

मुलीनं तांब्या मागं घेतला, मान वर केली आणि त्यांच्या देखत, ओट्यावर उभ्याउभ्या, वरून धार धरून एका दमात रिकामा केला. मग तोंड पुसून आत गेली. चुलते खोकत खोकत, दोन गल्ल्यांपलीकडे, पाणी प्यायला निघाले.