‘विषकन्येचा खटला’

परवा उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका सिंधी दुकानात पापड घेत होते. दुकानदाराने डब्याचं झाकण उघडलं, हिंग-मिऱ्याचा वास आला आणि मी थेट विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत पोचले.

उन्हाळ्यात तिथे बायका गॅलरीत बसून उडदाचे पापड लाटायच्या. माझे पापड वाकडेतिकडे व्हायचे, म्हणून मला वाचायला बसवत. एका दुपारी आजोबांच्या ट्रंकेतलं, स्वातंत्र्याच्याही आधीचं एक मासिक हाती लागलं होतं. त्यात ‘विषकन्येचा खटला’ होता. नवऱ्याला विष घातल्याचा आरोप असलेली बाई पिंजऱ्यात कशी उभी राहिली, तिचा पदर कसा ढळला, सगळं अगदी चवीने लिहिलेलं. मीही आवाज चढवून-उतरवून वाचलं. “तेवढं परत वाच गं,” बायका म्हणाल्या. मी परत वाचलं.

शेजारच्या शेवंतामावशींनी लाटता लाटताच विचारलं, “ती सुटली, ते लिहिलंय का?”

मी पानं उलटली. “नाही.”

“कोर्टाने निर्दोष सोडलं होतं तिला. माझी आई ती.”

सगळ्यांची लाटणी थांबली. मावशींचं तेवढं चालू राहिलं. जरा वेळाने त्या म्हणाल्या, “दुसरं काहीतरी वाच. आवाज छान आहे तुझा.”

त्या रागावल्या नाहीत, म्हणून तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आता मात्र कुणी माझ्या आवाजाचं कौतुक केलं की माझी मान खाली जाते. लोकांना तो विनय वाटतो.