आत्याच्या तिळाचं पत्रक

क्रांती चौकात कुणी हातात पत्रक ठेवलं, तर तुम्ही ते किती पावलांवर फेकता? खरं सांगा. माझ्या आत्यानं उभ्या आयुष्यात एकही पत्रक वाचल्याशिवाय टाकलेलं नाही, आणि वाचलेलं तर मुळीच टाकलेलं नाही. मोर्चाचं, बोअरवेलवाल्याचं, मूळव्याधीच्या औषधाचं, सगळी तिच्या पडेगावच्या घरात गादीखाली दाबून सरळ केलेली असतात. आई-बाप नोकरीला जायचे म्हणून मी तिच्याकडे वाढले आणि अक्षरं शिकले ती या पत्रकांवरच. स्वतःच्या नावाआधी मला ‘बंधू-भगिनींनो’ लिहिता येत होतं. आज कुठलाही अन्याय दिसला की मी कागद घेऊन बसते, तो दोष तिचा.

खुलताबादच्या शाळेतून ती निवृत्त झाली, पण शाळा तिच्यातून निवृत्त झाली नाही. एकदा पाण्याच्या फिल्टरवाला दारात पत्रक घेऊन आला. आत्यानं त्याला ते मोठ्यानं वाचायला लावलं, ‘शुद्ध’ तीन ठिकाणी अशुद्ध लिहिलंय म्हणून दुरुस्त करवून घेतलं आणि चहा पाजून पाठवून दिलं. फिल्टर विकायचा राहिला हे त्या बिचाऱ्याला बहुतेक फाटकाबाहेर आठवलं असेल.

तिच्या नाकाच्या उजव्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा तीळ होता. विचार करताना बोट त्यावर जायचं, आणि बोट तिथं असेपर्यंत वर्गात कुणी श्वास घ्यायचं नाही. तर या तिळाबद्दल एके दिवशी ती म्हणाली, “लेझरनं काढून टाकते.”

मी पेटले. आयुष्यभर मिरवलास आणि आता जाहिरातींना भुललीस? बाईनं कसं दिसावं हे कोण ठरवणार? बराच वेळ बोलले. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“झालं भाषण? चष्मा टोचतो मला. तुझ्या क्रांतीला नाक असतं तर कळलं असतं.”

शेजारच्या काकूंनी चुना-सोडा लावायला सांगितलं, तर “चुना भिंतीला लावतेत” म्हणून आत्यानं तो विषय मिटवला. पार्लरवाली पाच मिनिटांत काढून देणार होती. तिला आत्यानं तीन प्रश्न विचारले, आणि दुसऱ्यालाच ती आत निघून गेली. शेवटी आम्ही चौकाजवळच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. आत्याच्या हातात एका पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेले सोळा प्रश्न होते.

डॉक्टर तरुण होती. दुखतं का? “सुन्न करायचं इंजेक्शन टोचतं मावशी, तेवढंच.” वास येतो म्हणतेत? “येतो, केस जळल्यासारखा.” खपली? “आठ-दहा दिवस. नखानं काढायची नाही, ऊन लागू द्यायचं नाही.” डाग? “थोडा खळगा राहू शकतो. कधी कधी तीळ परतही येतो.”

“लई निर्लज्ज दिसतोय,” आत्या म्हणाली, आणि पंधराव्या प्रश्नानंतर तिनं कागदाची घडी घातली.

सोळावा मी शेजारून वाचला होता. फळ्यावर शोभेल असं तिचं अक्षर, पण ही एकच ओळ वाकडी गेली होती: ‘वर्षभरात वाढलाय. वाईट तर नसेल ना?’

चष्मा जुनाच होता. टोचायला लागला, कारण तीळ वाढला होता. आणि मी तिला भाषण दिलं होतं.

“डॉक्टर, एक राहिला,” मी म्हणाले आणि तो प्रश्न विचारला. आत्यानं टेबलाखाली मला करकचून चिमटा काढला.

डॉक्टरांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. “साधाच वाटतोय. पण वाढलाय म्हणता ना, मग आज लेझर नाही. लेझरनं तो जळून जाईल, तपासायला काही उरणार नाही. आधी छोटा तुकडा तपासायला पाठवू.”

त्या आठवड्यात पेपरातून पडलेली पत्रकं पडेगावच्या ओट्यावर तशीच पडून राहिली. मी ती गोळा करून गादीखाली ठेवली.

रिपोर्ट साधा आला. लेझरला दहा मिनिटं लागली. घरी येताना स्कूटीवर मागं बसून ती छत्री उघडायला लागली. “ऊन लागू द्यायचं नाय म्हणलीय ती!” मोठ्या मिनतवारीनं तिला ओढणी गुंडाळून घ्यायला लावली. खपली गळून पडली तिथं आता फिकट खळगा आहे. विचार करताना बोट अजून तिथं जातं आणि काही न सापडून क्षणभर थांबतं. तेवढा वेळ मला तिच्याकडे पाहवत नाही.

हल्ली ती दर मंगळवारी त्या दवाखान्याच्या बाकांवर स्वतः लिहिलेलं पत्रक वाटते. सुरुवात अर्थातच ‘बंधू-भगिनींनो’. सगळे प्रश्न आहेत, उत्तरांसकट. फक्त सोळावा तिनं पहिला केलाय.

तुमचा एखादा तीळ वाढत असेल, रंग बदलत असेल, तर तुम्हीही तो पहिला विचारा. आणि मंगळवारी कुणी म्हातारी समोर कागद धरून उभी राहिली, तर घ्या. वाचा. टाकायचाच असेल, तर निदान ती पुढच्या बाकाकडे वळेपर्यंत थांबा.