चावी बाबांच्याच हाताने फिरते

मी लग्न केलं नाही, त्यामुळे आई, बाबा आणि एकोणीस वर्षांची गाडी ही तिन्ही माझ्या वाट्याला आली. भावाच्या वाट्याला परदेश आला. तिघांपैकी गाडीचं दुखणं सगळ्यात उशिरा सुरू झालं, पण आमच्या कोपरी भागात गाजलं ते तिचंच.

त्याआधी बाबांचं सांगायला हवं. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "काका, आता स्टेअरिंग सोडा." निमित्त झालं होतं सोसायटीच्या फाटकाचं. ते बंद होतं आणि बाबांना उघडं दिसलं. फाटक वाकलं, बंपर लोंबला आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाबांनी एक शब्दही न बोलता चावी माझ्या हातात ठेवली. एरवी भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून पाऊण तास वाद घालणारा हा माणूस, पण तेव्हा गप्प.

पुढचे दोन महिने ते गॅलरीत बसून राहिले. सकाळचा पेपर संध्याकाळपर्यंत पुरवायचे. तिसऱ्या मजल्यावरून बिनलिफ्टचा जिना उतरायला त्यांना काही कारणच उरलं नव्हतं. भाजी मी आणायची, औषधं घरपोच यायची. हा माणूस असाच बसून बसून संपणार, अशी मला भीती वाटायला लागली होती. पण करणार काय? फाटकाचा प्रश्न होता.

अशात एका रविवारी चावी फिरेना.

पहिल्या टप्प्यापर्यंत जायची. डॅशबोर्डवरचे दिवे लागायचे, हॉर्न वाजायचा, पण इंजिन चालू करायला पुढे फिरवावी तर हूं की चूं नाही. मी शहाणी, बॅटरी बदलली. दिवे आणखी लख्ख लागले, हॉर्न आणखी जोरात वाजला, चावी होती तिथेच. मग स्टेशनाबाहेरच्या चावीवाल्याकडून डुप्लिकेट करून आणली. झिजलेल्या चावीची नक्कलही झिजलेलीच निघणार, हे मला कोण सांगणार? ती तर आत जायलाच तयार नव्हती. मी स्टेअरिंगवर बुक्की मारली. ते कुलूप लागून तिथेच अडकलं.

इतक्यात बाबा खाली आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला.

"सरक," ते म्हणाले. मी उतरले. ते बसले. "मागच्या डाव्या चाकात हवा कमी वाटतेय, बघ जरा."

मी मागे गेले, वाकले, चाकाला लाथ मारून बघितली. तेवढ्यात गाडी चालू.

"कशी केलीत?"

"गाडीला माणूस कळतो," बाबा म्हणाले.

त्यानंतर नऊ महिने गाडी चालवायची मी, पण चालू व्हायची ती फक्त बाबांच्याच हाताने. मी जोर लावून पाहिला, प्रेमाने पाहिलं, शिव्या घालून पाहिल्या. बाबा बसले की मला मागे पिटाळणार, "चाक बघ गं," आणि मी वाकले की इंजिन सुरू. शंका यायला हवी होती. पण मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला टायरचं वेड लागत असेल. काहींना पोटाचं लागतं.

गाडी एकदा बंद केली की पुन्हा चालू करायला बाबा हवेत, म्हणून बाबा सगळीकडे आमच्याबरोबर. दातांच्या डॉक्टरांकडे मी तोंड उघडून पडलेली आणि बाबा बाजूच्या स्टुलावर बसून डॉक्टरांना इग्निशनचं शास्त्र समजावतायत. कल्याणला एका घरी आम्ही भेटायला गेलो, तिथले आजोबा नुकतेच गेले होते. बाबांनी आजींचं सांत्वन केलं ते असं, "आमच्या गाडीचंही तसंच आहे हो, चालू होता होता एकदम..." आईने त्यांना चिमटा काढला. आजी मात्र महिन्याभरात पहिल्यांदाच हसल्या, असं त्यांच्या सुनेने मागाहून कळवलं.

कळस झाला डोंबिवलीला. माझ्या ऑफिसमधल्या एका मुलीचं डोहाळजेवण होतं. सगळ्या बायका. मी बाबांना गाडीत पाण्याची बाटली आणि पेपर देऊन बसवलं आणि वर गेले. दहा मिनिटांत मुलीच्या सासूबाई स्वतः खाली जाऊन त्यांना घेऊन आल्या. "उन्हात बसवलंस गं वडलांना!" मग चाळीस बायकांत बाबा. त्यांना मानाने पुढे बसवलं, गजरा दिला. वाटीखाली पेढा आहे की बर्फी हे ओळखायलासुद्धा त्यांनाच पुढे केलं. त्यांनी वाटी उचलली, निघाली बर्फी. बाबा खूश! परतताना गजरा मनगटाला बांधून त्यांनी आधी मला चाक बघायला पाठवलं.

तेव्हाच मी ठरवलं, आता बस्स. मला कुठेतरी एकटीने जायचं होतं. बाळकुमला मैत्रिणीकडे जाऊन नुसतं सोफ्यावर लोळायचं होतं आणि तिथे बाबा तिच्या नवऱ्याला फ्यूजबद्दल सांगायला नको होते. मी चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मेकॅनिकला घरी बोलावलं. बाबा म्हणाले, "कशाला उगाच? चालतेय ना!" आई म्हणाली, "असू दे गं." मी ऐकलं नाही. मी कधी ऐकलंय?

मेकॅनिक चाळिशीचा, शांत. त्याने चावी उजेडात धरून दात पाहिले, भोकात घातली, दोनदा हलवली. मग ती तांदळाच्या दाण्याएवढी मागे ओढली, डाव्या हाताने स्टेअरिंग किंचित डावीकडे दाबून धरलं आणि फिरवली. गाडी सुरू.

मी बघतच राहिले.

"ही ट्रिक हाय ताई," तो म्हणाला. "चावी झिजली का आतल्या पत्र्यांना बराबर लागत नाय. जराशी मागं घेतली का लागते. काका असंच करत आसतील, न्हाय का काका?"

आम्ही वळून पाहिलं. बाबा मागच्या डाव्या चाकाजवळ वाकून हवा तपासत होते.

मी काही बोलणार, तेवढ्यात मेकॅनिकने स्टेअरिंगखालचं झाकण काढलं आणि कुलपाचा तो अंगठ्याएवढा सिलिंडर बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठोकला. आतून काय पडलं? लालसर काळा चिखल. पिवळा चिखल. खोबरेल तेलाचा वास. आणि एक अख्खी अक्षता.

"ह्ये काय हाय?" मेकॅनिक म्हणाला. पंधरा वर्षांत त्याने कुलपांतून वाळू काढली होती, च्युइंगगम काढलं होतं, एकदा पालसुद्धा काढली होती. हे नव्हतं काढलं.

आईने पदर सावरला. "दसऱ्याचं आहे ते."

मग सगळं बाहेर आलं. दर दसऱ्याला लोक गाडीच्या बॉनेटवर हळदकुंकू वाहतात, हार घालतात. आमच्या आईचं म्हणणं, बॉनेट म्हणजे नुसता पत्रा, गाडीचा जीव चावीत. म्हणून ती चावीलाच ओली हळद लावायची, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता, आणि ओली असतानाच बाबांनी ती आत घालून मुहूर्ताला गाडी सुरू करायची. एकोणीस दसरे. मधल्या काळात चावी जड जायला लागली तशी बाबांनी खोबरेल सोडलं, म्हणजे सगळं छान मळून निघालं.

मेकॅनिकने कपाळावर हात मारला. मग आईकडे पाहिलं आणि निमूट चपला काढून बाजूला ठेवल्या. "साफ करू का नको?" त्याने अगदी हळू विचारलं.

"पुसायचं नाही," आई म्हणाली. "निर्माल्य आहे ते."

तिने तो सिलिंडर, चिखलासकट आणि अक्षतेसकट, केळीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळला. तो निर्माल्य कलशात टाकायला ती गेली, तर तिथे सफाईवाल्याने हटकलं, लोखंड टाकायचं नाही म्हणून. आईने त्याला इतकं समजावलं की शेवटी त्याने ते स्वतःच्या हाताने आत ठेवलं आणि नमस्कारही केला. हा प्रसंग मी पाहिला नाही. मी पाहिला असता तर तिथेच भांडले असते.

तोवर मेकॅनिकने नवीन कुलूप बसवलं, दोन कोऱ्या चाव्या दिल्या आणि बजावलं, यात तेल नाय, हळद नाय, कुंकू नाय, अगदीच अडली तर पेन्सिलीच्या शिशाची पूड. चावी अशी फिरली की मला हातात काही आहे असंही वाटलं नाही. बाबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते. मेकॅनिक जाईपर्यंत मी दम धरला आणि मग फुटले.

"नऊ महिने! नऊ महिने मी ते चाक बघतेय! एक गोष्ट सांगायला काय जात होतं तुमचं? दोन मिनिटांत शिकले असते मी!"

"म्हणूनच नाही सांगितलं," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"शिकली असतीस तर एकटी गेली असतीस ना."

एवढंच बोलून ते कठड्याला धरून जिना चढायला लागले. राग तर होताच, पण त्याला आता धरायला जागा राहिली नव्हती. मला स्वतःचीच लाज वाटली आणि लाज वाटल्याचा पुन्हा राग आला.

आठवडाभर बाबा गॅलरीत बसले. पेपर पुन्हा संध्याकाळपर्यंत पुरायला लागला. मी बाळकुमला जाऊन आले, एकटी, सोफ्यावर लोळले, आणि काही मजा आली नाही.

रविवारी मी गाडी पुसायला खाली उतरले. मावशीने टिटवाळ्याला नव्या इमारतीत घर घेतलंय, ते बघायला जायचं बरेच दिवस चाललं होतं. मी आत बसले, चावी फिरवली, गाडी लगेच चालू झाली. ती तशीच चालू ठेवून मी वर फोन लावला.

"बाबा, खाली या."

"का? अडली?" आवाजात एकदम जान आली होती.

नाही म्हणताना मला जड गेलं. "नाही. चालू आहे. मावशीकडे जातेय."



"मग माझं काय काम?"

एखादं कारण रचता आलं असतं, पण खोटं बोलायची पाळी आता माझी नको होती.

"काही काम नाही," मी म्हणाले. "या."

त्यांनी मोबाईल बंदसुद्धा केला नाही, तसाच हातात धरला. तिसऱ्या मजल्यावरून उतरणाऱ्या त्यांच्या चपलांचा आवाज मी त्याच फोनमधून, तळमजल्यापर्यंत ऐकला.