पोरीला चांगलंच सांगा

मंडळी, मी दातांची डॉक्टर व्हायला शिकतेय. आज हिरड्यांच्या अभ्यासासाठी भूमजवळच्या आमच्याच गावात घरोघरी फॉर्म भरून घेतले. दिवसातून किती वेळा दात घासता? सगळ्यांचं उत्तर एकच, दोनदा. मी खूश.

मग तोंडं तपासली, तर निम्म्यांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

शेजारच्या काकू हसल्या. “आगं, तुझे बाबा कालच सांगून गेले. पोरीची परीक्षा हाय, चांगलंच सांगा.”

इतकी चिडले की घरी येऊन आधी बाबांचाच फॉर्म फाडला आणि नवा घेतला. “आता खरं सांगा. रक्त येतं?”

“येतं. लई दिवस झाले. तुझा अभ्यास चालू होता, म्हणून बोललो न्हाय.”

तुमच्या घरी असं चांगलंच कोण सांगतं?