वाचता येईल अशी रेघ

सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. रस्त्याने येताना डोळ्यांत धूळ, दातांखाली कचकच. आत प्रयोगशाळेच्या उंदीरघरात मात्र बारा महिने तेच बावीस अंश. काकूंनी चपला बाहेर काढल्या, डोक्याला टोपी, हाताला मोजे चढवले आणि पहिला पिंजरा काट्याजवळ ओढला. वीस वर्षं दिवसाची सुरुवात हीच. शेपटीवरचा नंबर बघायचा, वजन घ्यायचं, वहीत लिहायचं.

या खेपेला परीक्षा होती मेलेल्या जिवाणूंची. पोटाला बरे म्हणतात त्या जातीचे, तापवून मारलेले आणि पूड केलेले. कंपनीला ती तान्ह्या पोरांच्या दुधात घालायची होती. त्याआधी नव्वद दिवस पाण्यात कालवून पांढऱ्या उंदरांना पाजून बघायची. काहींना नुसतं पाणी, काहींना थोडी, काहींना भरपूर.

"मेलेले काय वाईट करणार? वाईट करतात ती जिवंत माणसं," काकू म्हणायच्या, आणि म्हणताना काचेपलीकडच्या मॅडमकडे बघायच्या. मॅडम या परीक्षेच्या प्रमुख. दोघींचं पहिल्या दिवसापासून वाकडं.

पाजायचं म्हणजे गोल टोकाची लांब सुई तोंडातून थेट पोटात घालायची. उंदीर घोट गिळतो तेवढाच क्षण आपला. तो चुकला की सुई श्वासनळीत गेलीच समजा. काकूंच्या हातून वीस वर्षांत एकही गेला नव्हता. घरी सून म्हणे, "त्या हातानं बाळाला भरवू नका, उंदरांचा वास मारतो." घरात हाताला किंमत नव्हती. जी काय होती ती या खोलीत.

आणि आज भरपूर पूड मिळणाऱ्या ओळीतला अडतीस नंबर भुशात ताठ पडला होता.

मॅडम आल्या, वाकून बघितलं. "सुई चुकली. लिहा आणि सही करा."

"माझी सुई चुकत नाही."

"मग पूड विषारी आहे?"

"ते तुम्ही शोधा. एवढ्या शिकलात कशाला?"

"काकू, जरा तोंड सांभाळा. पुडीवर संशय आला तर दोन महिन्यांचं काम पाण्यात जाईल. त्यापेक्षा वयामुळे हात थरथरला, म्हणा. उद्यापासून पाजायला दुसरं कुणी बघू."

"हात थरथरत नाही माझा. उंदीर फाडून बघा, मग बोला."

कापाकापीचे डॉक्टर बोलायला कंजूष. त्यांनी उंदीर पाठीवर टाचला, छाती उघडली आणि दिवा खाली ओढला. फुप्फुसं गुलाबी असायला हवीत. ती पांढऱ्या खळीसारख्या लगद्याने भरली होती. पोटात पुडीचा कण नव्हता.

"बघून घ्या," ते म्हणाले.

काकूंनी बघितलं. मग कालची सकाळ आठवली. मॅडम घड्याळ घेऊन खांद्याशी उभ्या होत्या. "एका उंदराला एक मिनिट. गप्पा मारायला बसलात का?" असं छत्तीसला, असं सदतीसला. अडतीस नंबर हातात आला तेव्हा काकूंचं डोकं फिरलं होतं. घे तुझं मिनिट, असं मनात म्हणत त्यांनी सुई सारली होती. घोटाची वाट बघितली नव्हती.

त्या वहीपाशी गेल्या आणि उभ्यानेच लिहिलं: 'अडतीस नंबर. घोट गिळायची वाट न बघता मी सुई घातली. चूक माझी.' थोडं थांबून खाली लिहिलं: 'मॅडम घड्याळ घेऊन डोक्यावर उभ्या होत्या, घाई करत होत्या.' मग सही केली.

मॅडमनी वाचलं. "शेवटचं वाक्य खोडा."

"खोटं आहे का?"

"खोडा म्हटलं ना."

या वहीत खोडायची एक रीत होती, आणि आल्या आल्या मॅडमनीच ती सगळ्यांना तासभर समजावली होती. गिरगटायचं नाही, पांढरं लावायचं नाही. एकच रेघ, खालचं अक्षर वाचता येईल अशी. शेजारी कारण, तारीख, सही. काकूंनी फूटपट्टी घेतली. वाक्यावर केसासारखी रेघ ओढली. शेजारी कारण लिहिलं: 'मॅडमनी खोडायला सांगितलं म्हणून.' तारीख. सही.

आता पानावर नजर पडली की आधी तेच वाक्य दिसत होतं.

मॅडमच्या मानेवर लाल पट्टे उठले. "हेही खोडा."

"खोडते की. कारण काय लिहू?"

मॅडमनी वही मिटली. "उद्यापासून नाही, आत्तापासून सुईला हात लावायचा नाही. पिंजरे आणि बाटल्या, एवढंच."

"बरं," काकू म्हणाल्या. यावर भांडण नव्हतं.

मागे डॉक्टर कात्री पुसत होते. "जीव लगेच गेला नसणार त्याचा," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "बराच वेळ धापा टाकल्या असतील."

काकूंनी आत जाऊन अडतीस नंबरचा पिंजरा खाली काढला, ओला भुसा पोत्यात झाडला आणि नळ सोडला.