उजेडासमोर धरलेली फिल्म

ग्राहक आयोगाच्या व्हरांड्यात, खिडकीपाशी, एक आजोबा एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरून उभे होते. मला म्हणाले, "ताई, हा पांढरा ठिपका दिसतो ना तुम्हाला?"

"दिसतो."

"मग डॉक्टरांना कसा नाही दिसला? वर्षभर खोकल्याचं औषध देत राहिले. मंडळी गेली आमची."

माझीही तक्रार हीच आहे. इथे खेपा घालून, इतरांच्या बघत बघत माणूस फिल्म बघायला शिकतो. आजारपणात आम्ही सगळे डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होतो. नजर तयार झाली ती नंतर, आणि आता ती फक्त निकालापुरती उपयोगाची. भरपाई मिळायलाच हवी, त्यासाठी तर मी रजा टाकून येते. पण निकाल लागला की घरी जाऊन तो सांगायचा कुणाला, याचं उत्तर वकिलांकडे नाही.

"तुमचं कोण?" आजोबांनी विचारलं.

"मिस्टर."

"फिल्म आणलीय?"

होती, पिशवीत. तज्ज्ञांचा अहवाल मला पाठ आहे, पण फिल्म मी पाकिटातून कधी काढली नव्हती. एकटीने बघायची माझी तयारी नव्हती, एवढंच.

"या इकडे, इथे उजेड बरा आहे," म्हणत ते बाजूला सरकले. मी फिल्म काढून काचेला लावली. ह्यांच्या बरगड्या दिसल्या. ठिपका मला दिसेना.

आजोबांनी चष्मा सावरला आणि पुढच्याच क्षणी बोट ठेवलं. "हा काय, इथेच तर आहे."